साभार परत

‘साभार परत’ हे दोन शब्द ज्यास कधीं वाचावे लागले नाहींत, असा लेखक विरळाच. आमच्या तरुणपणीं मासिकांच्या कचेऱ्यांतून या दोन शब्दांची छापील चिठ्ठी येत असे. तींत कारण दिलेलें नसे. त्यामुळें आपला लेख कां परत आला या विचारांत चार दिवस जात, आणि संपादकांस लेख कळलाच नाहीं अशी मनाची समजूत घालण्यांत आणखी चार. आमच्या जुन्या ट्रंकेंत अशा तीन चिठ्ठ्या अजून आहेत. चौथी गेल्या महिन्यांत आली. परंतु ती पोस्टानें न येतां संगणकाच्या पडद्यावर आली, आणि तींत कारणें दिलेलीं होतीं. कारणें दिलेलीं असल्यामुळें रागही अधिक आला, हें कबूल केलें पाहिजे. या खेपेच्या सदरांत त्या चौथ्या चिठ्ठीची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. कारण तसलीच चिठ्ठी आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या घरीं आलेली असेल, किंवा पुढेंमागें येईल.

हकीकत अशी. ज्यांच्यापाशीं आम्ही रूपावली, अमरकोश आणि रघुवंशाचे पहिले सर्ग शिकलों, त्या आमच्या गुरुजींच्या जन्मास यंदा शंभर वर्षें झालीं. गुरुजी एका लहान गांवीं शाळेंत संस्कृत शिकवीत, आणि सकाळ-संध्याकाळ आपल्या ओटीवर येईल त्या मुलास फुकट शिकवीत. ओटीवर बसणाऱ्या मुलाची त्यांनीं कधीं जात विचारली नाहीं, कधीं फी घेतली नाहीं, आणि उभ्या आयुष्यांत स्वतःच्या नांवानें एक ओळ छापली नाहीं. त्यांचे शिष्य आतां साठी-सत्तरीच्या घरांत आहेत. दरवर्षीं त्यांतलीं दोन-तीन नांवें गळतात. आमच्या मागें गुरुजींची आठवण कोठें राहणार, ही चिंता आम्हांस कित्येक दिवस लागून राहिली होती.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या संगणकाच्या व्यवसायांत आहे. ती म्हणाली, “आप्पाकाका, तुम्ही लिहून द्या, मी इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशाकडे पाठवितें. तेथें कोणासही लेख लिहितां येतो.” आम्हीं आठ दिवस खपून लेख सिद्ध केला. मातोश्रींना तो माजघरांत बसून वाचून दाखविला, तेव्हां त्यांनीं डोळ्यांस पदर लावला. मुलीनें तो रीतसर पाठविला. कांहीं आठवड्यांनीं उत्तर आलें, त्याचा मथितार्थ असा: लेखांत दिलेल्या संदर्भांवरून, या गृहस्थांशीं संबंध नसलेल्या कोणा विश्वसनीय ग्रंथानें किंवा वर्तमानपत्रानें त्यांच्याविषयीं पुरेसें लिहिलें आहे, असें दिसत नाहीं, शिवाय लेखाची भाषा माहितीची नसून गौरवाची आहे, सबब मसुदा घेतां येत नाहीं.

आम्ही संतापून म्हणालों, “गुरुजींची योग्यता ठरविणारे हे कोण?” मुलगी शांतपणें म्हणाली, “आप्पाकाका, गुरुजी मोठे नव्हते असें त्यांनीं कोठें म्हटलें आहे? तुम्हीं दिलेल्या कागदांवरून तें दिसत नाहीं, इतकेंच ते म्हणतात.” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तीस वर्षें वर्गांत उभें राहून आम्हीच मुलांना सांगत आलों होतों कीं, “उत्तर बरोबर आहे, पण रीत कोठें आहे?” आणि रीत न लिहिणाऱ्याचे गुण कापीत आलों होतों. आज आमचे कापले गेले.

राग ओसरल्यावर आम्हीं या विषयाची थोडी माहिती करून घेतली. या जातीच्या ज्ञानकोशांत सर्वांत मोठा तो विकिपीडिया. त्याचे नियम समजले म्हणजे इतरांचेही बहुतेक समजतात. म्हणून पुढील विवेचन त्यालाच धरून करितों.

ज्ञानकोश म्हटला कीं महाराष्ट्रीय मनुष्यास डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आठवतात. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत त्यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड लोकांपुढें ठेविले. पुढें वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम सुरू झालें आणि त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. अशा कोशांत एखादी गोष्ट वाचली म्हणजे ती ग्राह्य मानण्यास आपल्यापाशीं एक आधार असतो. लिहिणारा आपल्या विषयाचा जाणता आहे आणि त्याच्यावर जाणता संपादक आहे, हें आपणांस ठाऊक असतें. नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं. त्यांतील शब्दाचें प्रामाण्य बोलणारा आप्त असण्यावर अवलंबून असतें. छापील कोशाचा सारा विश्वास या आप्तावर उभा आहे.

विकिपीडियाची गोष्ट निराळी. त्याच्या आधीं, २००० सालीं, अमेरिकेंत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनीं ‘न्यूपीडिया’ नांवाचा एक ज्ञानकोश इंटरनेटवर सुरू केला होता. त्यांत लेख विद्वानांनीं लिहावयाचा आणि तो तपासणीच्या सात पायऱ्या चढून यावयाचा, अशी योजना होती. योजना उत्तम; परंतु पहिल्या वर्षांत पुरे झालेले लेख विसांच्या आसपासच भरले. तेव्हां कोणीही यावें, लिहावें आणि कोणीही तें सुधारावें, असा दुसरा कोश १५ जानेवारी २००१ रोजीं उघडण्यांत आला. तोच विकिपीडिया. आज तो तीनशेंहून अधिक भाषांत आहे. एकट्या इंग्रजींत साठ लाखांच्या वर लेख आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्रदिनीं, सुरू झाला.

परंतु दार सर्वांस उघडें झालें, त्याबरोबर तो आप्त गेला. लिहिणारा प्राध्यापक आहे कीं शाळकरी पोर आहे, सज्जन आहे कीं खट्याळ आहे, हें वाचणारास कळण्याचा मार्ग उरला नाहीं. मग विश्वास ठेवावयाचा तो कशावर? यावर त्या लोकांनीं काढलेला तोडगा असा कीं, लिहिणाराच्या शब्दावर विश्वास मुळींच ठेवूं नये. त्यानें प्रत्येक महत्त्वाच्या विधानाखालीं तें कोणत्या ग्रंथांत, कोणत्या वर्तमानपत्राच्या कोणत्या अंकांत आहे हें दाखवावें, म्हणजे वाटेल त्यानें तेथें जाऊन तें पडताळून पाहावें. लेखकाच्या अधिकाराची जागा अशा रीतीनें संदर्भानें घेतली. नवख्या लेखकांचे मसुदे परत येतात त्यांतील बहुतेकांचें मूळ या एका गोष्टींत आहे. आपण काय लिहिलें यापेक्षां तें कशाच्या आधारावर लिहिलें, हें तेथें आधीं पाहिलें जातें.

आम्हां संस्कृतज्ञांस यांत नवल वाटण्याचें कारण नव्हतें. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहितांना मल्लिनाथानें आरंभींच प्रतिज्ञा केली आहे कीं, मुळांत आधार नाहीं असें कांहीं लिहिणार नाहीं आणि जेथें ज्याची अपेक्षा नाहीं तें सांगणार नाहीं. ही प्रतिज्ञा आम्हीं शेंकडों मुलांकडून पाठ करवून घेतली. स्वतः लेख लिहावयास बसलों तेव्हां मात्र ती आठवली नाहीं.

हे नियम प्रथमपासून इतके कडक नव्हते. मे २००५ मध्यें जॉन सीगेनथॅलर या नामांकित अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रांत कोणी तरी थट्टेनें असें घातलें कीं, केनेडी बंधूंच्या हत्यांत यांचा हात असल्याचा एके काळीं संशय होता. ही शुद्ध बनावट गोष्ट सुमारें चार महिने तशीच राहिली. सीगेनथॅलर यांनीं वर्तमानपत्रांत लिहून तिला वाचा फोडली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत इंग्रजी विकिपीडियावर नांव न नोंदवितां नवा लेख सुरू करण्यास बंदी झाली. पुढें २०१८ सालीं असें ठरलें कीं, ज्याचें खातें चार दिवसांचें जुनें नाहीं किंवा ज्यानें निदान दहा दुरुस्त्या केलेल्या नाहींत, त्यानें नवा लेख थेट न प्रसिद्ध करितां मसुदा म्हणून तपासणीस ठेवावा. तपासणारे पगारी नोकर नसतात. ते आपल्यासारखेच हौसेनें काम करणारे लोक असतात, आणि त्यांच्यापुढें हजारों मसुदे पडलेले असतात. प्रत्येक भाषेचे लोक आपले नियम आपण ठरवितात, त्यामुळें सर्वत्र दाराला हीच कडी आहे असें नाहीं. परंतु संदर्भाचें तत्त्व सर्वत्र एकच आहे.

आतां मसुदा परत येण्याचीं कारणें क्रमानें पाहूं. हीं लिहितांना आमचा परत आलेला लेख आम्हीं समोर ठेविला आहे. कारण बहुतेक सर्व दोष त्या एकाच लेखांत मिळाले.

पहिलें कारण आधाराचा अभाव. नुसता संदर्भ असून भागत नाहीं; तो विषयाशीं संबंध नसलेल्या मनुष्याचा असावा लागतो, त्यानें विषयाचा विस्तारानें परामर्श घेतलेला असावा लागतो, आणि तो छापणारी संस्था मजकूर तपासून छापणारी असावी लागते. आपल्यांतील पुष्कळ घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. ते मोठ्या कष्टानें तयार झालेले आहेत आणि घरांत जपून ठेवण्याजोगे आहेत. परंतु कुळाचें वृत्त कुळांतल्यांनींच लिहिलेलें असल्यामुळें एखाद्या पूर्वजाची थोरवी सिद्ध करण्यास ते पुरत नाहींत. कोठें एखाद्या बातमींत ‘उपस्थितांत अमुक अमुक होते’ असें नांव आलें, तर तेंही पुरत नाहीं. आम्हीं गुरुजींसाठीं दिलेले संदर्भ दोन: एक त्यांच्या पुतण्यानें काढलेली पुस्तिका आणि दुसरें आमचें स्वतःचें भाषण.

दुसरें कारण भाषा. आमच्या लेखांत ‘प्रातःस्मरणीय’ दोनदां, ‘ऋषितुल्य’ तीनदां आणि ‘ज्ञानाचा अखंड वाहणारा झरा’ एकदां आलेला आहे. सत्कारसमारंभांत हे शब्द शोभतात. कोशांत वाचणारास त्यांतून कांहींच कळत नाहीं. गुरुजी किती वर्षें शिकवीत होते, काय शिकवीत होते, त्यांच्यापाशीं शिकून कोण कोठें गेले, हें सारें शोधूं गेलें तर दीड पानांत चार ओळी निघाल्या. विशेषणें आम्हीं अशा जागीं घातलीं होतीं, जेथें माहिती घालावयास हवी होती. एखाद्या दुकानाची, पुस्तकाची किंवा शिकवणीच्या वर्गाची जाहिरात करण्यासाठींही पुष्कळ मसुदे येतात. तपासणारास आमचें स्तोत्र आणि ती जाहिरात सारखींच दिसलीं असतील, तर त्यास दोष देतां येत नाहीं.

तिसरें कारण आपलेपणा. स्वतःवर, आपल्या वडिलांवर, यजमानांवर, नोकरीच्या संस्थेवर लेख लिहूं नये, असा तेथें आग्रहाचा सल्ला असतो. मनुष्य खोटें बोलेल ही भीति यांत फारशी नाहीं. जवळच्या माणसास दोष दिसत नाहींत आणि गुण सोडवत नाहींत, ही आहे. न्यायाधीश आपल्या नातलगाचा खटला चालवीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

चौथें कारण उसना मजकूर. पुष्कळ नवीन लेखक एखाद्या स्मरणिकेंतील किंवा संस्थेच्या माहितीपत्रकांतील परिच्छेद जसेच्या तसे उतरून देतात. मूळ लेखकाचा हक्क असलेला मजकूर विकिपीडिया ठेवीत नाहीं; तो आढळतांच काढून टाकण्यांत येतो. आधार घ्यावा, पण वाक्य आपलें असावें; जें आपण निबंधाच्या तासाला मुलांस सांगतों, तेंच हें.

पांचवें कारण स्वतःचें संशोधन. याचा आम्हांस सर्वांत अधिक विषाद वाटला. गुरुजींच्या गांवाचें नांव कोणत्या संस्कृत शब्दावरून आलें, याविषयीं आमची एक उपपत्ति आहे. ती आम्हीं लेखांत खुबीनें घातली होती. परंतु नवें मत मांडण्याची ती जागा नव्हे. मत आधीं विद्वानांपुढें नियतकालिकांत यावें, त्याची छाननी व्हावी आणि मग कोशानें त्याची नोंद घ्यावी, असा क्रम आहे. हा नियम थोरामोठ्यांसही सुटत नाहीं. फिलिप रॉथ या प्रख्यात अमेरिकन कादंबरीकाराच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरींतील नायक कोणावरून घेतला, याविषयीं विकिपीडियावर दिलेली माहिती चुकीची आहे, असें खुद्द त्यांनीं कळविलें. त्यांस उत्तर मिळालें कीं, आपल्या कृतीविषयीं आपला अधिकार मान्य आहे, परंतु दुसरा कांहीं आधार लागेल. तेव्हां सप्टेंबर २०१२ मध्यें त्यांनीं ‘द न्यूयॉर्कर’मध्यें एक लांबलचक अनावृत पत्र प्रसिद्ध केलें, आणि तें छापलें गेल्यावर त्याच्या आधारें त्यांचें म्हणणें लेखांत आलें. हें वाचून प्रथम हंसूं येतें. परंतु विचार केला तर दिसेल कीं, खासगी निरोप कोणास पडताळून पाहतां येत नाहीं; छापलेलें पत्र पाहतां येतें.

येथवर आम्हीं तपासणाऱ्यांची बाजू मांडली. आतां वाचकांपैकीं कोणी विचारील कीं, “मग या नियमानें कधीं अन्याय होतच नाहीं काय?” होतो, आणि त्याचें एक उदाहरण जगजाहीर आहे.

कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत डॉना स्ट्रिकलंड या नांवाच्या भौतिकशास्त्रज्ञ बाई आहेत. १९८५ सालीं त्यांनीं आपले गुरु जेरार मूरू यांच्यासह लेसरच्या किरणांचे अत्यंत अल्पकालिक आणि अत्यंत तीव्र असे स्पंद निर्माण करण्याची रीत शोधून काढली. २०१३ सालीं त्या अमेरिकेंतील प्रकाशशास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. २०१८ च्या मे महिन्यांत त्यांच्याविषयींचा एक मसुदा इंग्रजी विकिपीडियाच्या तपासनीसानें परत केला. दिलेल्या संदर्भांवरून या व्यक्तीवर स्वतंत्र लेख असावा असें सिद्ध होत नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं त्यांस मूरू आणि आर्थर ॲश्किन यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें. १९०३ मध्यें मारी क्यूरी, १९६३ मध्यें मारिया गेपर्ट मेयर, आणि त्यानंतर पंचावन्न वर्षांनीं या. भौतिकशास्त्रांत हा मान मिळविणाऱ्या त्या तिसऱ्याच स्त्री. पारितोषिक जाहीर झालें त्याच दिवशीं त्यांच्यावरील लेख विकिपीडियावर उभा राहिला.

यांत चूक कोणाची? तपासनीस नियमाप्रमाणें वागला; मसुद्यांतील आधार ज्या संस्थेच्या त्या स्वतः अध्यक्ष होत्या अशा जवळच्या ठिकाणचे होते. परंतु ज्या वर्तमानपत्रांनीं आणि ग्रंथकारांनीं तेहतीस वर्षांत या बाईंविषयीं चार रकाने लिहिले नाहींत, त्यांच्याकडेही बोट दाखविलें पाहिजे. ज्ञानकोश हा आरसा आहे. ज्यांच्याविषयीं कोणी लिहिलें नाहीं, तीं माणसें त्यांत दिसत नाहींत. आणि लिहिलें जातें तें शहरांविषयीं अधिक, खेड्यांविषयीं कमी. पुरुषांविषयीं अधिक, बायकांविषयीं कमी. छापील विद्येविषयीं अधिक, तोंडीं विद्येविषयीं जवळजवळ नाहींच. आमच्या मातोश्रींस ओव्या, व्रतांच्या कहाण्या, बाळंतिणीचीं औषधें आणि दाराशीं काढावयाच्या रांगोळ्यांचे जे प्रकार ठाऊक आहेत, त्यांतील निम्म्यांचा उल्लेख कोणत्या पुस्तकांत सांपडेल, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. तोंडीं साक्षही आधार मानावी काय, याचा प्रयोग २०११ सालीं अचल प्रभाला यांनीं भारतांत आणि दक्षिण आफ्रिकेंत करून पाहिला. जाणत्या लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या संदर्भ म्हणून द्याव्या, अशी कल्पना होती. ती सर्वमान्य झाली नाहीं. कारण उघड आहे. पडताळणीचा प्रश्न पुन्हां तेथेंच येऊन उभा राहतो.

म्हणून आमचें मत असें झालें आहे कीं, परत आलेल्या मसुद्यावर दोन उलट टोकांच्या चुका होतात आणि त्या दोन्ही टाळाव्या. एक चूक अशी कीं, लेख नाकारला म्हणजे माणूस नाकारला असें समजून रुसून बसावयाचें. दुसरी अशी कीं, ज्याचा लेख नाहीं तो माणूस नोंद घेण्याजोगा नव्हताच, असें तरुण मंडळींनीं समजावयाचें. नियम योग्यतेचा निवाडा करीत नाहीं; तो फक्त उपलब्ध कागदाचा निवाडा करितो. मग कागद कमी पडला असेल, तर तो पुरविण्याचें काम कोणाचें? आमच्या मतें तें आपलें आहे.

त्या कामास आरंभ कसा करावा, याविषयीं आमच्या पुतणीनें सांगितलेलें आणि आम्हांस पटलेलें थोडें लिहितों. नवख्यानें एकदम नवा लेख लिहावयास बसूं नये. मुलगा पाटीवर ‘श्री’ गिरविल्याविना चरित्र लिहीत नाहीं. आधीं आपल्या तालुक्यावरील, नदीवरील, आवडत्या ग्रंथकारावरील जे लेख आहेत ते वाचावे, शुद्धलेखन सुधारावें, जेथें आधार नाहीं तेथें पुस्तक पाहून आधार द्यावा. या कामास निवृत्त शिक्षकांएवढे लायक लोक दुसरे नाहींत. आयुष्यभर तांबड्या शाईनें तेंच केलेलें असतें. मग नवा विषय घ्यावयाचा तर आपल्या नात्याबाहेरचा घ्यावा, आणि लेखणी उचलण्यापूर्वीं निदान तीन चांगले स्वतंत्र आधार हातीं असावे. ते मिळत नसतील तर लेख त्या वेळेपुरता बाजूस ठेवावा. मसुदा परत आलाच, तर तो बहुधा कायमचा परत नसतो. कारणें वाचून, सुधारून, पुन्हां देतां येतो. मात्र इंग्रजी विकिपीडियावर सहा महिने हात न लावलेला मसुदा काढून टाकण्यांत येतो, म्हणून रुसवा त्याहून लांबवूं नये.

आणि ज्यांच्याविषयीं आधारच नाहींत त्यांचें काय? त्यांच्याविषयीं आधीं इतरत्र लिहावें. शाळेच्या शतसांवत्सरिक स्मरणिकेंत, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत, इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत, असल्या मासिकांतही लिहावें. तारखा, सालें, ठिकाणें देऊन लिहावें. शिष्यानें लिहिलेली आठवण ज्ञानकोशास एकटी पुरणार नाहीं, हें खरें. परंतु पुढें कोणी परका अभ्यासक त्या विषयाकडे वळला, तर त्यास धरावयास दोरी मिळेल. शिष्यानेंच लिहिलें नाहीं, तर त्या परक्यास कळणार तरी कोठून?

आतां शेवटची गोष्ट. लेख परत आल्यावर गुरुजींविषयीं कांहीं छापील मिळतें काय म्हणून आम्हीं माळ्यावरची ट्रंक खालीं काढविली. मातोश्री म्हणाल्या, “त्यांच्यावर पेपरांत आलें होतें कीं रे, मी कापून ठेवलें आहे.” आणि खरोखरच त्यांच्या पोथीच्या रुमालांत एक पिवळें पडलेलें कात्रण निघालें. तीन रकाने मजकूर, गुरुजींचा ओटीवर बसलेला फोटो, त्यांचें काम, शिष्यांचीं नांवें. लिहिणारा कोणी बाहेरगांवचा वार्ताहर. जें पाहिजे होतें तें सारें त्यांत होतें. मुलगी आनंदानें उठून उभी राहिली आणि तिनें कात्रण उलटें-सुलटें करून पाहिलें. वर्तमानपत्राचें नांव नव्हतें. तारीख नव्हती. आमच्या मातोश्रींनीं चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीं कडा अगदीं नीट, मजकुराला लागून कापल्या होत्या.

त्या दिवसापासून आमचें काम ठरलें आहे. त्या काळांत त्या भागांत कोणतीं वर्तमानपत्रें येत होतीं याची यादी केली आहे, आणि पुढील महिन्यांत जुने अंक जपून ठेविलेल्या एका ग्रंथालयांत आम्ही दोघे बसणार आहों. ती संगणक घेऊन आणि आम्ही चष्मा घेऊन. अंक सांपडला तर एक आधार मिळेल. तो एकटा पुरणार नाहीं, पण दुसरा शोधण्यास उमेद येईल. गुरुजींचें नांव या लेखांत आम्हीं मुद्दामच दिलेलें नाहीं. शिष्याच्या स्तुतींत तें एकदां येऊन गेलें. आतां तें तारखेसह येईल तेव्हांच यावें, अशी इच्छा आहे.

तूर्त वाचकांस, आणि विशेषतः घरांतील ज्या माउल्या कात्रणें जपून ठेवितात त्यांस, एवढीच विनंति कीं, कात्री लावण्यापूर्वीं समासांत वर्तमानपत्राचें नांव, तारीख आणि पानाचा आंकडा लिहून ठेवावा. पेन्सिलीनें लिहिला तरी चालेल.